हातचा एक

सत्तेचाळीस अधिक अडतीस. दुसरीचा वर्ग, दुपारचे साडेतीन, बाहेर ऊन मी म्हणतंय आणि माझ्या शेजारी बसलेली एक मुलगी पाटीवर हे गणित करतीय. त्या दिवशी मी ठरवून काहीच बोलले नाही, नुसतं तिच्या हातांकडं आणि ओठांकडं बघत बसले. तिनं आधी सातावर बोट ठेवलं, मग डाव्या हाताची बोटं एकेक उघडायला लागली, आठ, नऊ, दहा, अकरा, बारा. हात संपला. पेन्सिल खाली ठेवून उजवा हात मोकळा केला, अजून तीन बोटं, पंधरा. बरोबर. खाली पाच लिहिले आणि हळूच पुटपुटली, "हातचा एक." तेवढ्यात पेन्सिल घरंगळली, ती पकडली, परत पाटीवर आली, चार आणि तीन, परत बोटं, सात. उत्तर ७५.

आधीची मी असते तर फुली मारून "हातचा विसरलीस बघ, लक्ष कुठं असतं गं तुझं" म्हणत पुढच्या पाटीकडं वळले असते. किती वर्षं म्हणत आले मी हे वाक्य. पण त्या दिवशी मी सगळं डोळ्यांनी बघितलं होतं, आणि लक्ष तर तिचं तिथंच होतं, तसूभरही हललं नव्हतं. सात आणि आठ पंधरा हे तिला पाठ नव्हतं म्हणून ते तिला बोटांवर नव्यानं तयार करावं लागलं, तयार करताना कुठवर आलो ते धरून ठेवावं लागलं, कुठला आकडा कुठं लिहायचा ते आठवावं लागलं, आणि या सगळ्या गर्दीत तो बिचारा हातचा एक कधी खाली पडला ते तिलाही कळलं नाही. हातचा ठेवायला हात रिकामा लागतो. तिचा नव्हता.

डी.एड.ला आम्हाला शैक्षणिक मानसशास्त्राचा पेपर होता. मी तो पाठ केला, चांगले मार्क पडले आणि वर्गात शिरल्यावर त्यातलं एक अक्षर कामी आलं नाही. आता मात्र मी ते सगळं परत वाचायला घेतलंय, आणि यावेळी प्रत्येक ओळ वाचताना समोर कुठलं ना कुठलं मूल दिसतं. जॉर्ज मिलर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५६ साली एक लेख लिहिला होता, माणसाला एका वेळी डोक्यात साधारण सात गोष्टी धरता येतात, दोन इकडं दोन तिकडं. पुढं १९७४ मध्ये ब्रिटनमधल्या बॅडली आणि हिच यांनी मांडलं की ही नुसती साठवायची जागा नाही, इथं काम चालतं, म्हणून वर्किंग मेमरी. आणि २००१ मध्ये नेल्सन कोवननं हिशोब अजून खाली आणला, सात वगैरे नाही, खरं तर चारच्या आसपास. तेही मोठ्या माणसाचं. सात वर्षांच्या पोराची जागा त्याहून लहान. वर्किंग मेमरी हा शब्द ठीकच आहे, पण आपल्याकडं हातचा हा शब्द किती आधीपासून आहे, आणि किती नेमका आहे.

ही जागा वाढवता येते का, असं पालक विचारतात. जागा काही फारशी वाढत नाही, पण तिच्यात काय ठेवायचं ते बदलता येतं. मोबाईल नंबर सांगताना आपण दहा आकडे सुटे कुठं सांगतो? अठ्ठ्याण्णव, बावीस, असं जोडीजोडीनं सांगतो, म्हणजे दहाचे पाच झाले. ज्याला सात आणि आठ पंधरा तोंडपाठ आहे त्याच्यासाठी ती एकच वस्तू, आणि ज्याला नाही त्याच्यासाठी आठ बोटांचा प्रवास. दोघांची पाटी वरून सारखीच दिसते आणि गंमत म्हणजे कधीकधी उत्तरही सारखंच येतं, पण आत एकजण चालत गेलाय आणि एकजण डोक्यावर पाण्याची घागर घेऊन.

आता त्या मुलीबद्दल अजून एक सांगायचं राहिलं. माझी शाळा जत तालुक्याच्या पूर्व भागात, विजापूरच्या अंगाला. मराठी माध्यम, पण निम्म्या पोरांच्या घरी कन्नड. हीसुद्धा त्यातलीच. पहिले काही महिने मी तिला अंकांत कच्ची समजत होते, कारण श्रुतलेखनात त्रेसष्ट सांगितलं की ही ३६ लिहायची आणि पंचवीस सांगितलं की ५२. एकदा तिच्या आजीबरोबर ती आठवडी बाजारात भेटली, आजी लिंबं आणि कोथिंबीर घेऊन बसलेली, आणि पैशाचा सगळा व्यवहार ही चिमुरडी बघत होती. गिऱ्हाईक शंभराची नोट देतंय, ही क्षणात सदतीस वजा करून बाकी मोजून हातात ठेवतीय, कन्नडमध्ये, एकदाही न चुकता. मी तिथंच थबकले. हीच ती, जिच्या प्रगतिपुस्तकात मी "संख्याज्ञानात सुधारणा आवश्यक" लिहिलं होतं.

सोमवारी मी तिला जवळ घेऊन विचारलं, त्रेसष्टला घरी काय म्हणता गं? म्हणाली, "अरवत्तमूरु." अरवत्तु म्हणजे साठ, मूरु म्हणजे तीन. साठ तीन. आणि छत्तीस? "मूवत्तारु." तीस सहा. म्हणजे कन्नडमध्ये ज्या क्रमानं बोलायचं त्याच क्रमानं लिहायचं, डावीकडून उजवीकडं, सरळ. आणि मराठीत? आपण त्रे आधी म्हणतो आणि सष्ट नंतर, आणि लिहिताना सहा आधी आणि तीन नंतर. तिनं ऐकलं तसं लिहिलं होतं. कानाला तीन आधी ऐकू आला, पाटीवर तीन आधी उमटला. चूक म्हणावी तर चूक, पण किती प्रामाणिक.

त्यानंतर मी मराठी घरातल्या पोरांकडंही नीट बघायला लागले, तर त्यांच्यातली काही पोरं एक भन्नाट युक्ती करत होती जी मला इतक्या वर्षांत दिसली नव्हती. त्रेसष्ट म्हटलं की ती आधी तीन काढायची, पण डावीकडं जागा सोडून, आणि मग मागं येऊन त्या जागेत सहा बसवायची. लिहून झाल्यावर ६३ दिसतं, बरोबरची खूण मिळते, पण हात उलटा गेलेला असतो. कुणीच शिकवलं नव्हतं त्यांना, आपली आपण वाट काढली होती.

आणि नुसता क्रमच उलटा नाही. तीनाची रूपं बघा, तेरा, तेवीस, तेहतीस, त्रेचाळीस, त्रेपन्न, त्रेसष्ट, त्र्याहत्तर, त्र्याऐंशी, त्र्याण्णव. पन्नास तर बावन्नमध्ये वन्न होऊन बसतो आणि सत्तर बाहत्तरमध्ये हत्तर होतो. संस्कृतातल्या त्रिषष्टी, द्विपंचाशत् वगैरेंना प्राकृतातून येता येता शेकडो वर्षं जिभेनं घासून गुळगुळीत केलं, त्याचे हे शब्द. मला ते सुंदरच वाटतात. पण गुळगुळीत झाले म्हणूनच आतले सांधे दिसेनासे झाले, आणि मुलाला नव्व्याण्णवपर्यंतचा जवळजवळ प्रत्येक शब्द वेगळा पाठ करावा लागतो. त्यात एकोणसाठ. मुलाच्या कानात साठ वाजतं, आणि नऊ कुठंतरी आहे एवढं त्याला माहिती असतं, म्हणून ते ६९ लिहितं. साठातून एक कमी करून पन्नासच्या घरात परत यायचं, हे वजाबाकी शिकायच्या आधीच आपण त्याच्याकडून मागतो.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीसला वीस एक, त्रेसष्टला साठ तीन असं वाचायची पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता ते आठवत असेल. विधानसभेपर्यंत विषय गेला, व्हॉट्सअ‍ॅपवर तर विनोदांचा पूर. गणित समितीच्या अध्यक्षा होत्या मंगला नारळीकर, स्वतः गणितज्ञ. त्या शांतपणे सांगत होत्या की जोडाक्षरं आणि हा उलटा क्रम याच्यामुळं मुलं गणिताला घाबरतात, त्यांना एक सोपी वाट देऊया. मी तेव्हा विरोधात होते. मराठीची मोडतोड वाटली होती मला, स्टाफरूममध्ये तावातावानं बोलले होते. आज त्या हयात नाहीत, २०२३ मध्ये गेल्या, आणि मला फार वाटतं की निदान एक पत्र तरी लिहायला हवं होतं त्यांना, की बाई, तुमचं म्हणणं मला जतच्या एका मुलीनं समजावून दिलं.

हे आपल्याच भाषेचं दुखणं आहे असंही नाही. जर्मनमध्येही त्रेसष्टला तीन आणि साठ असंच म्हणतात आणि तिथल्या मुलांच्या वह्यांतही हीच उलटापालट सापडते. नॉर्वेनं तर १९५१ साली सरकारी पातळीवर ठरवून क्रम बदलला, आधी दशक मग एकक, तरी म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी जुनी पद्धत पुढं कितीतरी वर्षं राहिली. माझं स्वतःचं मत विचाराल तर त्रेसष्ट जाऊ नये. बाजारात, एसटीत, आजोबांच्या तोंडी तोच शब्द आहे आणि मुलाला तो यायलाच हवा. पण साठ तीन ही पायरी आहे, आणि पायरी वापरली म्हणून कुणी घर पाडलं असं होत नाही. मी वर्गात आता तिन्ही म्हणून घेते, साठ तीन, त्रेसष्ट, अरवत्तमूरु, आणि मराठी घरातली पोरंसुद्धा कन्नड शब्द हौसेनं म्हणतात.

त्याच ओघात मी स्वतः कन्नड आकडे शिकायला घेतले. मला वाटलेलं आठवड्यात होईल. शब्द पाठ झालेही, आणि मग मी बाजारात गेले. ओल्या शेंगांवाली बाई म्हणाली, "एप्पत्तैदु." आता इप्पत्तु म्हणजे वीस आणि एप्पत्तु म्हणजे सत्तर, हे मला घरी वहीवर लख्ख माहिती होतं. पण तिथं, मागून मोटारसायकलचा हॉर्न, पुढं तिची वाट बघणारी नजर, एका हातात पिशवी, आणि माझ्या डोक्यात इ की ए, इ की ए, तोवर तिनं पुढं अजून काहीतरी सांगितलं, अर्धा किलो की पाव किलो, ते गेलंच. ऐकू आलं पण आत शिरलं नाही. मी घाईनं तीस रुपये पुढं केले आणि ती माझ्याकडं बघतच राहिली. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ना, अगदी तेच माझ्या चेहऱ्यावर असायचं, ३६ बघताना. घरी येईपर्यंत माझे कान गरम होते. मी चाळिशी उलटलेली बाई, दोन आकडी संख्येच्या एका शब्दानं मला एवढं गाठलं, तर रोज सहा तास परक्या भाषेत बसणाऱ्या त्या जिवाचं काय होत असेल.

भीतीचंही असंच आहे, ती त्याच छोट्या जागेत येऊन बसते. मी चौथीत असताना एकदा फळ्यासमोर उभं करून मला सात आठी विचारलं होतं, हातात छडी. मला सातचा पाढा येत होता. आमच्या घरी दिवेलागणीला परवचा व्हायचा, शुभंकरोती झाली की बे एके बे पासून तीसपर्यंत पाढे, आजोबांच्या वेळचे अपूर्णांकांचे पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकीसुद्धा थोडे थोडे कानावरून गेलेले. पण फळ्यासमोर मला सात आठी सुटं आठवेना. मनातल्या मनात सात एके सात पासून सुरुवात केली, सात चोकपर्यंत आले आणि छडी टेबलावर आपटल्याचा आवाज झाला, धागा तुटला. परत सात एके सात. छप्पनपर्यंत पोचलेच नाही.

तेव्हा मला वाटलं मला पाढे येत नाहीत. आज वाटतं, मला पाढा गाण्यासारखा येत होता, एका ओळीनं दुसरी ओढत आणायची. मधूनच उचलायची सवय कुणी लावली नव्हती. म्हणून पाठांतराला नावं ठेवणाऱ्यांशी माझं पटत नाही आणि नुसत्या कोरसवर खूश होणाऱ्यांशीही नाही. पाढे पाठ हवेतच, त्याशिवाय भागाकाराच्या वेळी हात रिकामा कसा राहणार? पण म्हणून घ्यायचे सरळ, उलटे, मधून, अडवून, आणि हो, छडीशिवाय.

"समजलं का?" हा प्रश्न मी जवळजवळ सोडून दिलाय. "होsss" असं अख्खा वर्ग ओरडतो आणि त्यात कुणीही खोटं बोलत नसतं, त्या क्षणी त्यांना खरंच समजल्यासारखं वाटत असतं. अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ साली एक प्रयोग छापला. कॉलेजच्या मुलांना एक उतारा दिला, काहींनी तो पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी वाचून बाजूला ठेवला आणि आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढं. आठवड्यानं विचारलं तर आठवून लिहिणारे पुढं, चांगलेच. आणि आपल्याला जास्त लक्षात राहील असा भरवसा कुणाला होता? वाचणाऱ्यांना. मी हे वाचलं आणि परीक्षेच्या आदल्या रात्रीची माझी पिवळ्या हायलायटरनं भरलेली पानं आठवली.

म्हणून आता सकाळी पहिली पाच-सात मिनिटं पुस्तक बंद. पाटी छातीशी उलटी धरायची, मी प्रश्न सांगते, सगळ्यांनी लिहायचं, मी "तीन" म्हटलं की एकदम फिरवून दाखवायची. कालचे दोन प्रश्न, गेल्या आठवड्यातला एक, दिवाळीच्या आधीचा एखादा. मार्क नाहीत, वही नाही, चुकलं तर पुसलं. पहिल्या दिवशी पोरं एकमेकांच्या पाटीत डोकवायची, आता नाही डोकवत, कारण चुकल्याचं काही होत नाही हे त्यांना कळलंय. आणि मला तीस पाट्या एकदम दिसतात, कुठं हातचा पडला, कुठं एकोणसाठ घसरलं, सगळं.

याच पाट्यांमुळं मला अजून एक कळलं. आमच्याकडं दिवाळीच्या आसपास काही घरं ऊसतोडीला जातात, मार्च-एप्रिलमध्ये परत येतात. गेल्या वर्षी एक मुलगा असाच परत आला, वर्गात मागं बसून पाटी छातीशी घट्ट धरून, फिरवायचीच नाही. कोरी होती. जायच्या आधी त्याला हातच्याची बेरीज छान येत होती. त्याची आई मला म्हणाली, "समदं इसरलं बघा बाई, परत पयल्यापासनं." मलाही तसंच वाटलं होतं. पण एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसानं १८८५ साली जे लिहून ठेवलंय ते मला तेव्हा आठवलं. त्यानं स्वतःवरच प्रयोग केले, अर्थ नसलेली अक्षरं पाठ करायची, किती वेळात विसरतो ते मोजायचं. विसरण्याचा त्याचा आलेख सगळ्यांना माहिती असतो, सुरुवातीला धाडकन खाली आणि मग हळूहळू. पण त्यानं मोजलं होतं ते वेगळंच काही, की विसरल्यावर तेच परत पाठ करायला किती कमी वेळ लागतो. जे अजिबात आठवत नाही असं वाटतं तेही पुन्हा शिकताना वेळ वाचवतं. म्हणजे कुठंतरी असतं ते.

मी त्या पोराला पहिल्यापासून नाही घेतलं. आधी फक्त दहापर्यंतच्या जोड्या, काड्यांचे गठ्ठे सोडायचे बांधायचे, आणि हातचा डोक्यात नाही ठेवायचा, दशकाच्या घरावर लहानसा एक लिहून टाकायचा. डोक्यातलं ओझं पाटीवर. पहिल्यांदा बेरीज शिकायला त्याला दोन महिने लागले होते. यावेळी दहा-बारा दिवसांत पाटी फिरवली त्यानं, आपणहून, मी तीन म्हणायच्या आधी. तो चेहरा मी कुणाला सांगू शकत नाही. आणि मला तेव्हा त्याच्या आईचा फोन नंबर शोधावासा वाटला, सांगायला, की नाही हो विसरला तो.

सत्तेचाळीस अधिक अडतीसवाल्या मुलीलाही मी तो लहानसा एक लिहायला दिला. पंचाऐंशी आलं. काही आठवड्यांनी तिनं तो लिहायचं आपणच बंद केलं, सात आणि आठ आता तिला विचारावंच लागत नाही.

मागच्या शनिवारी सकाळची शाळा होती, पाट्यांचा खेळ संपत आला तशी ती उठून म्हणाली, "बाई, आता तुमी धरा पाटी. मी सांगते." वर्ग एकदम गप्प. मी एका पोराची पाटी घेतली, छातीशी उलटी धरली. ती फळ्यापाशी जाऊन उभी राहिली, हात मागं बांधून, अगदी माझ्यासारखी, आणि म्हणाली, "एप्पत्तोंबत्तु."

इ की ए. ए. सत्तर. ओंबत्तु नऊ. मी लिहिलं.

"एक, दोन, तीन."

मी पाटी फिरवली. ७९. तिनं जवळ येऊन बघितलं, मान हलवली, "बरोबर आहे." मग माझ्या तोंडाकडं बघत हळूच म्हणाली, "पण बाई, ओठ हलत होते तुमचे. अजून पाठ नाय झालं. थांबा, सोपं देते," आणि परत फळ्यापाशी गेली.